पाठपुरावा ज्याचा त्याचा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य लोकांना कागद वाचायला शिकवलं. सातबारा असो, सोसायटीची नोटीस असो, आधी वाच आणि मग सही कर, हा त्यांचा हट्ट होता. तेव्हा आज मीही एक कागद वाचायला घेतो.

रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे. पेशंटचं वय ६८. तपासणी पीएसए. आकडा १.८. शेजारच्या रकान्यात छापलंय, नॉर्मल ० ते ४. या गृहस्थांचं दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन झालेलं. पोरानं आकडा पाहिला, रकाना पाहिला, चारच्या आत आहे म्हणून निर्धास्त झाला. गावातल्या डॉक्टरांनीही मान डोलावली. रिपोर्ट पिशवीत गेला आणि पिशवी खुंटीला.

असे रिपोर्ट माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर वर्षानुवर्षं येत आले आहेत आणि दर वेळी मला राग येतो. त्या पोराचा नाही, त्या रकान्याचा. ० ते ४ ही मर्यादा ज्याच्या पोटात प्रोस्टेट आहे त्याच्यासाठी छापलेली असते. ज्याची ग्रंथी मुळासकट काढली, त्याच्या रक्तात पीएसए सापडायलाच नको. त्याच्या बाबतीत १.८ चा अर्थ एवढाच की शरीरात कुठेतरी कॅन्सरच्या पेशी शिल्लक आहेत आणि त्या वाढतायत. बरं, हा आकडा एका रात्रीत १.८ वर गेलेला नसतो. तो आधी ०.१ होता, ०.२ होता, ०.५ होता. त्या प्रत्येक पायरीवर काही करता आलं असतं. आजचं व्याख्यान त्या पायऱ्यांबद्दल आहे.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीला वेढा घालून बसलेली छोटी ग्रंथी. पीएसए हे तिच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन. पेशी निरोगी असोत की कॅन्सरच्या, दोन्ही ते बनवतात. म्हणून ज्याला प्रोस्टेट आहे त्याचा पीएसए नुसता वाढला म्हणजे कॅन्सरच, असं म्हणता येत नाही. वयानं ग्रंथी वाढली, लघवीत इन्फेक्शन झालं, तरी आकडा चढतो. पण ग्रंथी पूर्ण काढल्यावर हा गोंधळ उरत नाही. रक्तातलं पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्म्यावर येत जातं, आणि सहा ते आठ आठवड्यांत ते मोजण्याच्या पलीकडे, ०.१ च्या खाली जायला हवं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी १९८६ साली या चाचणीला पहिली मान्यता दिली ती कॅन्सर शोधण्यासाठी नव्हतीच. ज्यांचा कॅन्सर आधीच सापडलाय त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी होती. शोधण्यासाठीची मान्यता त्यानंतर आठ वर्षांनी, १९९४ मध्ये आली. पाठपुरावा हेच या चाचणीचं मूळ काम आहे, आणि त्या कामात तिच्या तोडीची दुसरी स्वस्त चाचणी कॅन्सरच्या जगात क्वचितच सापडेल.

इथे एक घोटाळा सोडवून टाकतो. आपल्याकडे 'प्रोस्टेट काढलं' हे शब्द दोन वेगळ्या ऑपरेशनांसाठी वापरतात. एक दुर्बिणीतून होतं. लघवी अडली म्हणून आतून ग्रंथी खरवडून वाट मोकळी करतात, बाहेरची साल तशीच राहते. दुसरं कॅन्सरसाठीचं. त्यात पूर्ण ग्रंथी, तिच्या मागच्या वीर्यकोशांसह काढतात आणि मूत्राशय पुन्हा नळीला जोडतात. पहिल्या ऑपरेशननंतर पीएसए शून्याला जात नाही आणि जायची अपेक्षाही नसते. दुसऱ्यानंतर मात्र जायलाच हवं. उदगीरच्या आणि देगलूरच्या दोन शेजाऱ्यांनी एकमेकांचे रिपोर्ट ताडून पाहिले आणि दोघंही विनाकारण घाबरले, किंवा दोघंही विनाकारण निश्चिंत झाले, हे घडतं. आपलं ऑपरेशन कोणतं होतं हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. घरी गेल्यावर ते वाचा. आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनात निघालेले तुकडे बाटलीत घालून नातेवाइकाच्या हातात दिले असतील, तर ती बाटली लॅबपर्यंत पोचवा. त्या तुकड्यांतही कधीकधी कॅन्सर सापडतो.

लॅबवरून आठवलं. सगळ्यात जास्त हरवणारा कागद कोणता, विचाराल तर मी सांगेन, काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट. घरचे लोक बिलं जपतात, योजनेचे कागद जपतात, एक्स-रे गादीखाली सरळ ठेवतात. पण ग्रंथीचा रिपोर्ट पेशंट घरी गेल्यानंतर आठ-दहा दिवसांनी तयार होतो. तो आणायला कुणी जात नाही, आणि कुणी फोन करून बोलावतही नाही. अन् पुढचा सगळा विचार तर त्या दीड पानावर उभा असतो. पेशी किती आक्रमक आहेत, त्याची ग्लीसन श्रेणी त्यात असते. कॅन्सर ग्रंथीच्या कवचाबाहेर पडला होता का, वीर्यकोशात शिरला होता का, कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी होत्या का, लसिकाग्रंथी काढल्या असतील तर त्यांत काही सापडलं का, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच सर्जननं दोन माणसांचं ऑपरेशन केलं, तरी या दीड पानामुळे त्या दोघांची पुढची वाट वेगळी होते. एकाला वर्षातून ठरावीक वेळा रक्त द्यायचंय, बस्स. दुसऱ्याशी किरणोपचारांचं बोलणं आजच करायचंय.

आता मूळ वादाकडे येतो.

ऑपरेशन झालं. रिपोर्ट सांगतो की कॅन्सर कवचाबाहेर डोकावला होता, किंवा कडेवर पेशी होत्या. पीएसए मात्र शून्य. आता काय करायचं? एक विचार असा, की शत्रूला दम खाऊ देऊ नका, लगेच त्या जागेवर किरणोपचार द्या. याला पूरक किरणोपचार म्हणतात. दुसरा विचार, थांबा, पीएसए बघत राहा, डोकं वर काढलं तर लगेच किरणं द्या. हा बचाव किरणोपचार. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेत जे मोठे अभ्यास सुरू झाले, त्यांनी पहिल्या विचाराच्या बाजूनं कौल दिला. युरोपातल्या अभ्यासात १००५ पुरुष होते, अमेरिकेतल्या ४२५. लगेच किरणं दिलेल्यांत पीएसए पुन्हा वाढण्याचं प्रमाण कमी होतं. पण त्या अभ्यासांत एक उणीव होती. ज्यांना थांबवलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांना पीएसए चढल्यावरही वेळेत किरणं मिळाली नाहीत. म्हणजे तुलना 'लगेच' आणि 'वेळेवर' यांची झालीच नाही, 'लगेच' आणि 'उशिरा' यांची झाली.

खरी तुलना पुढच्या पिढीनं केली. रॅडिकल्स नावाच्या अभ्यासात ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा आणि डेन्मार्कमधले १३९६ पुरुष २००७ ते २०१६ या काळात सहभागी झाले. निम्म्यांना ऑपरेशननंतर लगेच किरणं. निम्म्यांवर फक्त लक्ष, आणि पीएसए ०.१ ला पोचला किंवा सलग तीनदा वाढला की किरणं. निकाल २०२० मध्ये आले. पाच वर्षांनी आजार आटोक्यात असल्याचं प्रमाण लगेच उपचार झालेल्यांत ८५ टक्के, थांबलेल्यांत ८८ टक्के. म्हणजे फरक नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि फ्रान्स इथल्या दोन अभ्यासांनीही तेच दाखवलं. तिन्ही मिळून २१५३ पुरुष. लगेच किरणं घेतलेल्यांना लघवीवर ताबा न राहणं, लघवीतून रक्त जाणं, नळी आकसणं हे त्रास मात्र जास्त झाले. आणि थांबलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनाच पुढच्या आठ वर्षांत किरणांची गरज पडली. बाकीच्यांनी ती मशीन पाहिलीही नाही.

हे ऐकायला फार छान वाटतं. मलाही वाटलं. पण नांदेड-लातूरमध्ये बसून हा निकाल वाचताना त्यातलं एक वाक्य कुणी मोठ्यानं वाचत नाही. थांबणं सुरक्षित ठरलं, कारण तिथे कुणीतरी बघत होतं. ठरलेल्या तारखेला रक्त घेतलं जात होतं, तारीख चुकली तर नर्स फोन करत होती, आकडा चढला तर मशीन तयार होती. त्या अभ्यासातल्या माणसाला 'थांबा' म्हटलं गेलं, तेव्हा त्याच्यामागे एक आख्खी यंत्रणा उभी होती. आपण किनवटच्या माणसाला 'थांबा' म्हणतो तेव्हा त्याच्यामागे कोण उभं असतं? 'सहा महिन्यांनी दाखवा' असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, आणि ते अक्षर घरातल्या कुणालाच लागत नाही. अशा थांबण्याला मी उपचार म्हणणार नाही. ते माणसाला वाऱ्यावर सोडणं आहे.

म्हणून काही जण म्हणतात, आपल्याकडे पाठपुरावा होतच नाही, तर सरसकट सगळ्यांनाच किरणं देऊन मोकळे व्हा. मला हे मान्य नाही. तीन माणसांतल्या दोघांना गरज नसलेला उपचार द्यायचा, त्यांची लघवी आणि आतडी त्रासात घालायची, आठवडेच्या आठवडे त्यांना घरापासून तोडायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याला फोन करायचा कंटाळा आहे म्हणून? उणीव व्यवस्थेत आहे, तर तिची भरपाई पेशंटच्या शरीरातून करायची नाही.

सगळ्यांना थांबवायचं, असंही नाही. त्या तिन्ही अभ्यासांत अतिजोखमीची माणसं थोडी होती. ज्याच्या पेशी ग्लीसन ८ ते १० या श्रेणीच्या आहेत आणि शिवाय वीर्यकोशात कॅन्सर शिरलाय, किंवा ज्याच्या लसिकाग्रंथींत तो सापडलाय, त्याच्याशी लगेच किरणं देण्याबद्दल गंभीरपणे बोलायला हवं. आणि ज्याचा पीएसए ऑपरेशननंतर शून्याला गेलाच नाही, त्याचा प्रश्न वेगळाच. त्याचा कॅन्सर परत आलेला नाही, तो गेलेलाच नव्हता. त्याच्यासाठी वाट बघण्यात वेळ घालवायचा नाही.

आकडा चढायला लागला, तर तो किती आहे याच्याइतकंच तो किती वेगानं चढतोय हे महत्त्वाचं. नांदेडकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदाकाठचा माणूस पाणी कुठवर आलंय एवढंच विचारत नाही, तासाला किती चढतंय हे विचारतो. पीएसए दुप्पट व्हायला एक वर्षाहून जास्त लागत असेल आणि पेशी फार आक्रमक नसतील, तर धोका कमी. तीन-चार महिन्यांत दुप्पट होत असेल तर घाई करायला हवी. हा वेग काढायला किमान तीन रिपोर्ट लागतात, तेही शक्यतो एकाच लॅबचे, कारण प्रत्येक लॅबची पद्धत थोडी वेगळी असते. एक रिपोर्ट नांदेडचा, दुसरा पोराकडे गेलो होतो तेव्हाचा पुण्याचा, तिसरा हैदराबादचा, आणि त्यांवरून ०.०८ चे ०.१३ झाले का हे ठरवायचं म्हटलं, तर कुणालाच ठरवता येणार नाही.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये ऑपरेशन झालेल्या सुमारे २००० पुरुषांचा हिशोब १९९९ मध्ये छापून आला. त्यांतल्या १५ टक्के लोकांचा पीएसए पुन्हा वाढला. पण कोणताही हार्मोन उपचार न देताही, पीएसए वाढल्यापासून कॅन्सर हाडांत किंवा इतरत्र दिसेपर्यंत सरासरी आठ वर्षं गेली. ७८ वर्षांचे, हृदयात दोन स्टेंट असलेले, पीएसए हळूहळू ०.३ वर आलेले अहमदपूरचे एखादे आजोबा माझ्यासमोर बसतात, तेव्हा मला हा आकडा आठवतो. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात हा कॅन्सर त्यांना त्रास देईलच असं नाही. त्यांना मी किरणांना पाठवत नाही, आणि तसं का, हे त्यांच्या मुलांना बसवून सांगतो, नाहीतर पैशासाठी टाळलं असा त्यांचा समज होतो. ५८ वर्षांच्या शिक्षकाचा पीएसए तोच ०.३ असेल, तर त्याच्याशी मी अगदी उलट बोलतो. त्याच्यापुढे वीस-पंचवीस वर्षं आहेत, आणि बचावाची किरणं आकडा लहान असताना दिली तरच चांगली लागू पडतात. ०.५ च्या आत असताना द्यावीत, शक्य तर त्याच्याही आधी. पीएसएमए पेट स्कॅन हल्ली मोठ्या शहरांत होतो आणि त्यात कॅन्सर कुठे आहे ते दिसू शकतं. पण आकडा ०.२ च्या खाली असताना त्यात बऱ्याचदा काहीच दिसत नाही. स्कॅनमध्ये दिसेपर्यंत थांबू, हा विचार या माणसाला महागात पडेल.

हार्मोनच्या सुईबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण आपल्या भागात ती फार लवकर टोचली जाते. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की पुरुषी हार्मोन थांबवला की प्रोस्टेटचा कॅन्सर दबतो. त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही पसरलेल्या आजारात तो उपचाराचा कणा आहे. पण पीएसए जरासा हलला की तीन महिन्यांची सुई सुरू करायची आणि आकडा खाली आला की समाधान मानायचं, हा शॉर्टकट आहे. सुई आकडा खाली आणते, आणि त्याबरोबर किरणं देण्याची योग्य वेळही हातातून निघून जाते. शिवाय सुईची किंमत शरीर देतं. अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, स्नायू झडतात, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बांधावरून घसरून खुबा मोडलेला म्हातारा माणूस घरात पडून राहिला, तर त्याचं आयुष्य कॅन्सरनं कमी केलं की सुईनं, याचा विचार करा. किरणांच्या जोडीला हार्मोनचं औषध द्यावं का, यावर अमेरिका-कॅनडातल्या ७६० पुरुषांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षं गोळी घेतलेल्यांत १२ वर्षांनी ७६ टक्के हयात होते, न घेतलेल्यांत ७१. फायदा खरा होता. पण ज्यांचा पीएसए ०.७ च्या खाली होता, त्यांच्यात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. औषध तेच, आजार तोच, आणि एकाला द्यायचं, दुसऱ्याला नाही. मापानुसार उपचार म्हणतात तो हा.

आता जे आपल्याकडे बोललं जात नाही त्याबद्दल. सभागृहात बायका बसल्या आहेत आणि मला त्याचा आनंद आहे, कारण या आजारातली निम्मी शुश्रूषा त्याच करतात.

ऑपरेशननंतर काही आठवडे, काहींना काही महिने, लघवी थेंबथेंब गळते. खोकला आला, ओझं उचललं, उठून उभं राहिलं की कपडे ओले. ज्या माणसानं आयुष्यभर धोतर पांढरंशुभ्र ठेवलं, तो याच्यापुढे पार खचतो. एसटीत बसायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडणारे लोक मी पाहिलेत. कीर्तनाला जायचं सोडतात, लग्नाला जायचं सोडतात, आणि घरी विचारलं तर म्हणतात, पाय दुखतात. यावर उपाय आहे. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते रोज ठरावीक वेळा आवळायचे आणि सोडायचे. हा व्यायाम खाटेवर पडून होतो, देवळात बसून होतो, कुणाला कळतही नाही. बहुतेकांचा ताबा हळूहळू परत येतो. तो येईपर्यंत किरणं शक्यतो लांबवतात, कारण किरणांनी ही सुधारणा खुंटू शकते. मघाचे ते मोठमोठे अभ्यास शेवटी इथे, या माणसाच्या ओल्या धोतरापाशी येऊन लागू होतात. थांबता येत असेल तर त्याला आधी कोरडं होऊ द्या.

पतिपत्नीच्या संबंधांवरही परिणाम होतो. नसा वाचवून ऑपरेशन करण्याची पद्धत पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ पासून रूढ केली, तरी सगळ्यांना ते शक्य नसतं. औषधं आहेत, उपाय आहेत. पेशंट एकटा आला की विचारतो, मुलगा सोबत असला की विचारत नाही. म्हणून मी मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवतो. इतर डॉक्टरांनीही बसवावं.

'मुळासकट काढलंय म्हणलाव की डाक्टरसाहेब, मग परत रगत कशाला काढायलाव?' हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो आणि तो अगदी रास्त आहे. ज्याला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं नाही की यानंतर दहा-पंधरा वर्षं रक्त द्यायचंय, त्याला ते नंतर फसवणुकीसारखं वाटतं. पहिली तपासणी सहा-आठ आठवड्यांनी, मग पहिल्या वर्षी साधारण दर तीन-चार महिन्यांनी, तिसऱ्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा. जोखीम जास्त असेल तर याहून जवळ, कमी असेल तर जरा लांब. पण मराठवाड्यात या तारखा नुसत्या कॅलेंडरवरून काढून चालत नाही. मुखेड-कंधारकडची घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. म्हातारा गावी एकटा असतो, त्याला दवाखान्यात आणणारा पोरगा कारखान्याच्या फडात. सोयाबीनच्या सुगीत कुणी येत नाही, मृगाच्या तोंडावर तर नाहीच. मी तारीख देताना आधी घरचं विचारतो आणि मग लिहितो. महिना पुढेमागे झाला तर शून्य पीएसएच्या माणसाचं काही बिघडत नाही. पण सुगीतली तारीख दिली की ती चुकते, आणि एकदा चुकलेला माणूस संकोचानं पुढची दोन वर्षं येत नाही.

किरणांचंही तसंच. पूर्वी ऑपरेशननंतरची किरणं ३३ ते ३७ दिवस द्यायची पद्धत होती. रॅडिकल्स अभ्यासात ६६ ग्रे मात्रा ३३ वेळात किंवा ५२.५ ग्रे २० वेळात, असे दोन्ही पर्याय होते. २९६ पुरुषांच्या आणखी एका अभ्यासात ३७ ऐवजी २५ दिवसांचा कोर्स दिला, आणि लघवी-आतड्यांच्या त्रासाच्या बाबतीत तो लांब कोर्सपेक्षा वाईट ठरला नाही. कागदावर हा दहा-पंधरा दिवसांचा फरक दिसतो. माहूरच्या माणसाला मुंबईत धर्मशाळेत राहायचं असेल, सोबत एक जण रोजंदारी बुडवून राहणार असेल, तर उपचार पूर्ण होणार की अर्ध्यावर सुटणार हे याच फरकावर ठरतं. आपल्या किरणोपचार तज्ज्ञाला विचारा, मला कमी दिवसांचा कोर्स चालेल का. विचारण्यात कमीपणा नाही.

सोयी नाहीतच असंही म्हणू नका. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होतं. आज ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे, आणि ९७१ उपचारांच्या तिच्या पूर्वीच्या यादीसोबत १२१ पाठपुराव्याच्या सेवाही ठेवल्या होत्या, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच वर्षी, २०१२ मध्ये, औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. लातूरच्या विवेकानंद रुग्णालयानं १९६६ मध्ये काम सुरू केलं आणि पुढे कॅन्सरसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारलं. त्याचे एक संस्थापक डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात मोठी सवलत देते, आणि ती फक्त उपचारांसाठी नाही, नियमित तपासणीला जाण्यासाठीही आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी २०२२ पासून फुकट आहे, पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट. हे पेशंट त्याच वयाचे असतात.

आणि 'आपल्याकडे पाठपुरावा होत नाही' असं जे म्हणतात, त्यांना मी जवळच्याच भागाकडे बोट दाखवतो. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीचं काम १९८७ मध्ये सुरू झालं. पेशंट येईल म्हणून वाट न बघता तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन, पारावर बसून लोकांशी बोलले आणि नोंदी केल्या. त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा हॉस्पिटलबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, १९९९ पासून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला आणि त्यांचा आठ वर्षं माग ठेवला. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे जगाला त्या अभ्यासातून २००९ मध्ये कळलं. औसा-निलंग्याच्या शेजारच्या खेड्यांतून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा माग ठेवता येतो. मग प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेल्या, एका तालुक्यात बोटांवर मोजता येतील एवढ्या पुरुषांचा का ठेवता येऊ नये? गरोदर बाईचं नाव आशाताईच्या वहीत असतं. क्षयरोगाच्या पेशंटचं नाव सरकारच्या निक्षय प्रणालीत असतं. कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याचं नाव ग्रामीण रुग्णालयाच्या एका वहीत, पुढच्या रक्ततपासणीच्या महिन्यासह लिहिलं, तर त्याला मशीन लागत नाही, बजेट लागत नाही. महिना आला की एक फोन लागतो.

सभागृहात लॅब चालवणारी काही मंडळी आहेत, त्यांना माझी विनंती आहे. पीएसएच्या रिपोर्टवर ० ते ४ छापता, त्याच्याखाली मराठीत एक ओळ वाढवा: प्रोस्टेट पूर्ण काढलेल्या पेशंटला ही मर्यादा लागू नाही, आकडा ०.१ किंवा त्याहून जास्त असल्यास ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा. आणि आमच्या सर्जन मित्रांनो, ग्रंथीचा रिपोर्ट आला की आपल्या दवाखान्यातून पेशंटला फोन गेला पाहिजे. तो फोन मी माझ्याकडे सक्तीचा केला आहे, रिसेप्शनवरची मुलगी तो करते आणि वहीत तारीख टाकते.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालतील, नाव घालायची गरज नाही.